पाताळाची राणी

माजलगावच्या दवाखान्यात, शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर आजी आणि कॉलेजातली नात बसल्या होत्या. सकाळी लोकर कातरण्याआधी मेंढरं धुताना नातीचा भाऊ अंगद धरणात बुडाला होता. दाखल्यासाठी थांबलेल्या रामकिसन गुरुजींना शेजारच्या बाकावर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“तुजी माय बघ, पायरीवर कशी बसलीय. पोटचं पोर गेलं अन् डोळ्यात टिपूस न्हाई. तिनंच धाडलं त्याला पाण्यात. राक्षीण हाय नुसती.”

“आजी, गप बस.”

“अन् तू मोबाइलमदी काय बघतीस?”

“दादाचाय. त्याचा खेळ उघडाच हाय. ही पाताळाची राणी, बाबिलोनची देवी. तिला मारलं की मेलेलं माणूस परत मिळतं.”

“देवी? अन् असले सुळे?”

“सुळे खेळवाल्यांनी लावले. कॉलेजात जुनी कथा सांगितली, त्यात तिचा नवरा मेलेला असतो. पाताळात एकटीच कण्हत बसती.”

“कुणीच जात न्हाई तिच्याजवळ?”

“तिनं बहिणीचं प्रेत खुंटीला टांगलेलं असतं, ते न्यायला दोघं जातात. ती ‘आई गं’ म्हणली की तेबी ‘आई गं’ म्हणतात. बाकी काहीच करत न्हाईत. मग ती खुंटीवरचं प्रेत त्यांच्या हवाली करती.”

“मग ते जितं होतं?”

“कथेत होतं.”

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पायरीवर सुनेला खेटून बसली.

“तुळजे, लई दुखतंय का गं?”

गुरुजींनी मान खाली घातली. पायरीवरून सुनेचा आवाज आला.

“आई गं...”

“आई गं,” आजी म्हणाली.

खोलीचं दार उघडलं.

“अंगदचं कोण हाय? बॉडी ताब्यात घ्या.”