परागचा हप्ता

हिमायतनगरच्या बँकेत सासू-सून माझ्या पुढंच उभ्या होत्या. मी काही ऐकत नव्हते. कान उघडे होते, एवढंच.

"आत्याबाई, घराचं कर्ज फिटलं! नऊ वर्षं आधी!"

"परागच्या हप्त्याच्या जोडीला दरमहा तुझा पगारही भरला म्हणून. त्याच्या हाती लागला असता, तर शेअरात बुडवला असता."

"ते विचारायचे, पगार जातो कुठं? मी म्हणायचे, बेगम बाजारात किराणा महागला."

"हौ, बरं केलंस."

"आज सांगू ना त्यांना, कर्ज फिटलं म्हणून?"

"सांग की. मग पहिल्या तारखेला हप्त्याचे पैसे माझ्या हातात ठेवायचा बंद होईल."

"आणि त्या पैशांचेही शेअर घेतील."

"मग?"

"हप्ता चालूच ठेवू, आत्याबाई. छकुलीच्या नावानं टाकू."

"आणि बेगम बाजार?"

"अजून नऊ वर्षं महागच राहणार."