जयदीपचं ऑडिट

"चाकण, चाकण, एक सीट."

"डबा सरळ धर, आमटी आहे त्यात."

"काल हेल्मेट घरी विसरलो आणि काल नेमका पोलीस."

"माझे अकरा दिवस राहिले, निलोफरताई."

भोसरीत सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत हे सगळं एकदम कानावर आलं. शेवटचं वाक्य माझ्या पुढच्या मुलीचं. गळ्यातल्या कार्डावर नाव तनुजा.

"नोटीस दिलीस ना? मग आता आरामात राहायचं."

"कसला आराम! साहेबांनी दोन नवी पोरं शिकवायला दिली, वर्षभराच्या फायली दिल्या. काल म्हणाले, कस्टमरची माणसं तपासणीला येणार, ते ऑडिटपण तूच सांभाळ."

"ते तर जयदीपकडे होतं."

"त्याला सरावातच उत्तरं देता आली नाहीत."

"सरळ नाही म्हणायचं."

"मी मेल केला. अकरा दिवसांत तिन्ही होणार नाही, कुठलं सोडू?"

"मग?"

"म्हणाले, काहीच सोडायचं नाही."

"बघ, असे असतात."

"मग मीच ठरवलं. पोरं आणि फायली जयदीपकडे दिल्या, तसं साहेबांना मेलवर कळवलं. ऑडिट मी ठेवलं."

"तिन्हीत जड तेच? काही चुकलं तर तुझ्यावर ढकलून मोकळे होतील. रिलीव्हिंग लेटर अडकवतील, मग नवी कंपनी घेईल का तुला?"

"माहितीये मला."

"मग जाता जाता कशाला ही हौस?"

"ताई, तीन वर्षं मी हे ऑडिट मागत होते. त्यांनी ते जयदीपला दिलं, त्याच संध्याकाळी मी राजीनामा दिला."