आडवं की उभं

डोंबिवली स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत माझ्या पुढे एक सासू आणि सून उभ्या होत्या. साल सत्त्याण्णव असेल.

"आई, आडवं कॅबिनेटच घेऊया. मॉनिटर त्याच्यावरच बसतो."

"कॅबिनेट म्हणजे तो पत्र्याचा डबा ना?"

"हो. कॉम्प्युटरचे सगळे पार्ट त्याच्या आत असतात. सगळ्यात छोटं घेतलं तर तुमच्या शिवणयंत्राशेजारी मावेल."

"आणि पुढेमागे आत आणखी काही बसवायचं झालं तर?"

"छोट्यात नाही बसणार. त्याला मोठं, उभं लागतं. पण ते ठेवणार कुठे?"

"माझं कपाट काढू."

"लग्नातलं? नको हो आई! मला काय, लोकांच्या लग्नपत्रिका आणि बायोडाटा टाइप करून द्यायचेत. छोट्यात भागेल."

"शैला, मीपण असंच म्हटलेलं. तुझे सासरे पायाचं शिवणयंत्र आणत होते. मीच म्हटलं, जागा नाही, हाताचं छोटं आणा. बावीस वर्षं एका हाताने चाक फिरवत ब्लाउज शिवले. पायाचं असतं तर दुकान टाकलं असतं गं मी."

सुनेने पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस काय? रांग पुढे सरकली बघ."

"लोक म्हणतील, सुनेने सासूचं कपाट घालवलं."

"म्हणू देत. साड्या पलंगाखाली राहतील. चल, बस रिक्षात."

"कुठे जायचंय, मावशी?"

"कॉम्प्युटरच्या दुकानात. आणि दादा, तिथे जरा थांबाल ना? येताना खोका मोठा असणार आहे."