डावीकडचे दोन अंक

एक लाख बारा हजारांपेक्षा एकवीस हजार जास्त, असं मी एका दुपारी ठरवलं आणि त्या आनंदात बायकोला मुगाची खिचडी करून वाढली.

मूळचा मी कराडकडचा. शाळेत गुरुजी फळ्यावर एकं, दहं, शतं असे खण आखायचे, एकेक अंक एकेका खणात बसवायला लावायचे, आणि त्यात मी वर्गात पहिला, हे आत्ताच लिहून घ्या, पुढचं ऐकल्यावर तुम्हाला पटायचं नाही. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, दिल्लीला सरकारी नोकरी लागली, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, आणि बत्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायली काढल्या. काय सांगू तुम्हाला, तिथं सगळ्या फायलींचे नंबर पाच अंकी, आणि कपाटं लावलेली डावीकडच्या दोन अंकांवर. अकरावाली अकराव्या कपाटात, एकवीसवाली एकविसाव्यात, उरलेले तीन अंक शिपाई बघून घ्यायचा. साहेब म्हणायचे, भोसलेजी, आप तो नंबर सूंघ लेते हो, आणि मी दिवसभर फुगून फिरायचो. बत्तीस वर्षांत तिसरा अंक म्हणून मी बघितला नाही.

रिटायर झाल्यावर गाझियाबादला फ्लॅट घेतला. त्या वर्षी डेंग्यूनं अशी धूळधाण केली की सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक नमस्ते सोडून प्लेटलेट्स विचारायचे, आपके कितने, हमारे इतने. सुधाला, म्हणजे आमच्या हिला, ताप आला. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवा, पाणी पाजा, रक्त तपासत राहा, पण आकडा खाली आला की एक मिनिट थांबू नका, भरती करा. हे मला सांगितलं होतं. मुलगा नोकरीपायी गुडगावला, सून त्याच्याबरोबर, घरात आम्ही दोघंच.

सोमवारच्या चिठ्ठीवर ११२०००. बुधवारच्या चिठ्ठीवर २१०००. मधे स्वल्पविराम नाही, काही नाही. मी चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या, अकरा बघितले, एकवीस बघितले, आणि फाइल सापडल्यासारखा खूश झालो. मुलाला फोन केला, वाढल्यात रे, जवळजवळ डबल. तो म्हणाला, अच्छा, चलो, सुटलो. ही पलंगावरून म्हणाली, अहो, दात घासताना रक्त येतंय, पायावर लाल ठिपके पण आलेत. मी म्हटलं, ब्रश नवा आहे तुझा, खिचडी खा. तिनं चार घास खाल्ले, मीठ विसरलात म्हणाली. तेही विसरलो होतो.

गुरुवारी सकाळी मुलगा आला. टेबलावरच्या चिठ्ठ्या त्यानं बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि टॅक्सी बोलावली. हॉस्पिटलमधला डॉक्टर पोरगेलासा होता, त्यानं विचारलं, कल क्यों नहीं लाए? मी म्हटलं, कल तो बढ़े थे. त्यानं पुन्हा कागद बघितला, मग मला सोडून मुलाशी बोलायला लागला. शनिवारी ती गेली.

मुलानं मला आजवर त्यावर एक शब्द विचारलेला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, बिल्कुल बरं झालं असतं. आता मी त्यांच्याकडेच असतो. भाजीच्या पिशवीवरचा नंबर असो की बसचा, बोट ठेवून अंक मोजतो, लोक हसतात.

परवा नात गृहपाठाला बसली होती, चौथीत आहे, मराठी अर्धंच बोलते. वहीत होतं, ९८७६५ मोठी की १०००२३. म्हटलं, बेटा, पुढचा नऊ बघून हुरळायचं नाही, आधी अंक मोजायचे, ज्यात जास्त ती मोठी, सारखे भरले तरच डावीकडून एकेक बघत जायचं. चांगलं दोनदा समजावलं. तिनं पेन्सिल तोंडातून काढली आणि म्हणाली, आजोबा, हे तर मॅमनी थर्डमध्येच शिकवलं, मग आजीचे तुम्ही का नाही मोजले?