पत्र मिळाले, अक्षर सुंदर आहे

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या बाई, शिक्षकवृंद, पालक आणि मुलांनो,

लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवतोय. चार पानं होती, त्यातले दोन विनोद बायकोने आधीच कापले होते. पण अर्ध्या तासापूर्वी शिक्षकांच्या खोलीत बाईंनी माझ्या हातात दोन कागद ठेवले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाई आठवीला पत्रलेखन शिकवायच्या. एकच मजकूर तिघांना लिहायचा: मैत्रिणीला, घरातल्या मोठ्यांना आणि कचेरीतल्या साहेबांना. त्यातलं साहेबांचं पत्र खरोखर टपालात पडायचं. तो साहेब म्हणजे मी, नगरपालिकेच्या इमारत विभागातला. दरवर्षी पन्नास-साठ पाकिटांचा गठ्ठा टेबलावर यायचा, वर बाईंची चिठ्ठी: 'विद्यार्थ्यांची सरावाची पत्रे. कृपया उत्तर द्यावे.' एका पठ्ठ्याने गल्लीत दिवा मागितला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'आपला नम्र, पण जरा लवकर करा.' मी ती पत्रं कारकुनांना वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, अर्ज कसा लिहावा ते या पोरांकडून शिका. आवक नोंदवहीत मात्र आम्ही ती चढवत नव्हतो. सरावाची पत्रं कोण नोंदवतं? उत्तर मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने द्यायचो. कौतुकाची हौस, दुसरं काय.

या समारंभासाठी बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना आपापली पत्रं आणायला सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थिनीने आज तिच्या पत्राची नक्कल आणली आणि माझं उत्तर. ती लिहिते: 'आमच्या इमारतीचा मागचा जिना दुसऱ्या मजल्यापाशी भिंतीपासून सुटला आहे. फटीत माझा हात जातो. माझे वडील इथे रखवालदार आहेत. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी कळवते.' आणि माझं उत्तर, माझ्या सहीचं: 'पत्र मिळाले. मांडणी उत्तम, अक्षर सुंदर आहे. असाच सराव चालू ठेव.'

मंडळी, तो जिना पाच आठवड्यांनी कोसळला. तिची आई तेव्हा जिन्यावर होती. जीव वाचला, पण आजही कुबडीशिवाय त्यांना चालता येत नाही. पाहणीला मीच गेलो होतो. रखवालदार परोपरीने सांगत होता की साहेब, आम्ही पत्र टाकलं होतं. मी नोंदवही त्याच्यापुढे उघडून धरली आणि म्हणालो, नोंद दाखव. ज्याला अक्षरओळख नाही त्याला मी हे म्हणालो. मग अहवालात लिहिलं, 'पूर्वी कोणतीही तक्रार प्राप्त नाही. रखवालदाराने कळवण्यात कसूर केली.' त्याची नोकरी गेली. शेजारीपाजारी बोलायला लागले की स्वतःच्या बायकोला यानेच अधू केलं. आणि मला, खरंच सांगतो, त्या पत्राची आठवणसुद्धा नव्हती.

मघाशी त्या मुलीला विचारलं, अगं, माझं उत्तर तेव्हाच का नाही दाखवलंस? तिने मान वर केली नाही. म्हणाली, "उत्तर आलं त्या दिवशी मी बाबांना सांगितलं, साहेबांनी लिहिलंय, आता ते येतील. मग बाबा दुसरीकडे कुठे गेलेच नाहीत. जिना पडल्यावर मी ते पुन्हा वाचलं. येणार असं त्यात कुठेच नव्हतं. मला वाटलं, माझ्याच लिहिण्यात काहीतरी कमी पडलं."

तेरा वर्षांची पोर. नऊ वर्षं हे एकटीने उरात दाबून ठेवलं. बाई म्हणतायत, चूक माझीही आहे, सराव हा शब्द मी लिहिला. असेल बाई, तुम्ही म्हणता तर असेल. पण तुम्ही शिकवलंत ते तिने चोख केलं. योग्य माणसाला, नेमक्या शब्दांत, वेळेवर कळवलं. ते वाचून अक्षराला शाबासकी देणारा माणूस मी आहे. तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीबद्दल चांगलं बोलायला मला बोलावलं होतं, आणि मला याच्याहून मोठं काही सुचत नाही.

अध्यक्ष महोदया, मला इथे उभं केलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची रीत आहे. ते शब्द आज माझ्या तोंडून निघत नाहीत. रखवालदार दादा तिसऱ्या रांगेत बसलेत, शेजारी वहिनी आहेत. दादा, उद्या कचेरीत जाऊन मी माझ्या सहीने लेखी देणार आहे. पण तुमचे शेजारी कचेरीतले कागद वाचायला जात नाहीत. ते आज पालक म्हणून याच सभागृहात बसलेत, म्हणून आधी त्यांच्यासमोर सांगतो. तक्रार आली होती. तुमच्या मुलीने केली होती, आणि मी ती वाचली होती.