मोकळ्या हवेचा फ्लॅट

बदलापूरची हवा चांगली, असं मला परत कोणी सांगू नका! आईला दमा, म्हणून तर लालबागची खोली विकून आम्ही कुळगावच्या पुढे फ्लॅट घेतला. बिल्डरचा माणूस बाल्कनीत उभा राहून म्हणाला होता, "काकू, इथे तुमची औषधं सुटतील." राहायला गेल्यावर कळलं, वारा फिरला की कारखान्यांकडून असा उग्र वास येतो की डोळ्यांतून पाणी. आईचा पंप हातातून सुटेना.

तिला घेऊनच मी त्याच्या ऑफिसात गेलो. तो एसीत बसून म्हणतो, "साहेब, खिडक्या बंद ठेवा ना. सगळेच ठेवतात."

माझं डोकंच फिरलं. मी भांडायला तोंड उघडतोय, तर आई शेजारी बसलेल्या जोडप्याशी बोलायला लागलेली. बाईच्या मांडीवर तान्हं बाळ होतं.

"फ्लॅट बघायला आलात? मग आमच्याकडे चहाला चला. बाल्कनीतच बसू."

ती माणसं खरंच आली. चहा गाळेपर्यंत बाळ खोकायला लागलं. बाईनं ओढणी त्याच्या नाकावर धरली आणि भरलेले कप तसेच ठेवून दोघं निघाली.

संध्याकाळी बिल्डरच्या माणसाचा फोन. "काकू, आमचं गिऱ्हाईक तोडलंत तुम्ही!"

आई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी धाप लागेपर्यंत ओरडली, "आम्ही बघायला आलो तेव्हा मला कोणी चहाला बोलावलं नाही रे मेल्या!"