फेराबाहेर कुणी नाही

ताई : आजच्या नाचातून आईला कुणी वगळलं तेवढं सांग. बाकीचं पुराण नंतर.

धाकटा : हळू बोल गं. पाहुणे अंगणात चहा पितायत. आणि वगळलं वगैरे काही नाही. स्टेजवर आठच जणी मावतात, म्हणून सहल कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी तरुण मुली निवडल्या.

ताई : आपल्या माणसांचा नाच तिच्या गाण्याशिवाय कधी सुरू झालाय का रे?

धाकटा : गाणं आहे ना. परवा साहेबांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. स्पीकरवर लावणार.

ताई : म्हणजे आवाज आईचा. आणि आई कुठे?

धाकटा : आत. स्वयंपाकघरात.

ताई : वा! काय डोकं चालवलंय! त्या बिचारीला वाटलं, साहेब कौतुकानं ऐकतोय. सकाळपासून ठेवणीतलं नेसून तयार बसलीय ती. जा, तूच सांग तिला.

धाकटा : मला काय हौस आहे का? पण कंपनीला आपला डोंगर पसंत पडला नाही, तर त्यांची बस पलीकडच्या डोंगरावर जाणार. आजची रात्र ते खालच्या हॉटेलात काढणार, पण पुढे आलेच नाहीत तर पाहुण्यांसाठी मी बांधलेल्या खोलीत राहणार कोण? शहरातली नोकरी सोडून वर आलोय मी, ताई. आजचं फसलं तर गाठोडं बांधून परत जावं लागेल.

ताई : काही जात नाहीस. निम्मी घरं कुलूप लावून खाली गेलीत, तेवढं पुरे झालं.

धाकटा : मग आजच्या दिवस गप्प बस. पाया पडतो तुझ्या.

ताई : मी गप्प बसायचं, तू राहायचं, आणि आईनं चुलीपाशी बसून स्वतःचा आवाज ऐकायचा? असलं राहणं काय चाटायचंय?

मॅनेजर : चला, चला भाऊ! खुर्च्या भरल्या. मुली कुठायत? आणि जनरेटर का बंद?

ताई : मी बंद केला. पलीकडच्या झाडीत पाखरं अंड्यांवर बसलीत. एवढा धडधडाट ऐकून उडून गेली, तर उद्या पाहुणे परत वर आल्यावर त्यांना काय दाखवायचं, माझं तोंड?

मॅनेजर : ताई, पाखरं उद्या. आज शो आहे.

ताई : शो होणार नाही, साहेब. आमच्या नाचात बघणारा नसतो.

मॅनेजर : म्हणजे?

ताई : म्हणजे सगळे आत. फेराबाहेर कुणी उभं राहायचंच नाही. माझ्या सासऱ्यांचा पाय मोडला होता, तर खाटेसकट उचलून मधे ठेवलं होतं त्यांना. तिथून पडल्या पडल्या सगळ्यांच्या चुका काढत होते.

मॅनेजर : छान किस्सा आहे, माइकवर सांगू आपण. पण हे शहरातले लोक. दिवसभर चढून पाय भरून आलेत त्यांचे. त्यांना निवांत बसून बघायचं असतं. अशा खूप ट्रिपा काढल्यात मी.

ताई : त्यांना विचारलंत?

मॅनेजर : त्यात विचारायचं काय?

ताई : मग मी विचारते. एक गाणं होऊ द्या. एक जरी पाहुणा फेराबाहेर राहिला, तर दर आठवड्याला मुलींना घेऊन मी स्वतः तुमच्या स्टेजवर चढते.

धाकटा : ताई! काहीतरी बरळू नकोस! ते निळ्या टोपीवाले काका बघ. आल्यापासून कुणाशी धड बोलले नाहीत. ते उठतील?

ताई : आई! ये गं बाहेर! हो, तशीच, अनवाणी!

(अंगणात माइकशिवाय एक म्हातारा आवाज गाऊ लागतो.)

मॅनेजर : मागपर्यंत ऐकूच येत नाहीये, भाऊ.

धाकटा : म्हणून तर लोक पुढे सरकतायत.

मॅनेजर : अरे, त्या कॉलेजच्या मुली उठल्या! ते जोडपंही. हे काय, आई थेट खुर्च्यांत शिरल्या?

धाकटा : हात धरून ओढतेय एकेकाला. तिला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची येत नाही, आणि तरी उठतायत बघा! आता राहिले टोपीवाले काका. मान हलवतायत. नाही म्हणतायत. संपलं, साहेब. गेलो मी.

मॅनेजर : थांबा. गुडघा दाखवतायत ते.

धाकटा : अहो, खुर्ची उचलली त्यांची! काकांसकट!

मॅनेजर : पडतील हो ते!

धाकटा : कुठले पडतायत! मधे बसून टाळ्या वाजवतायत! हसतायत, साहेब! काका हसतायत!

ताई : काय साहेब, तोंडात बोट का घातलंत?

मॅनेजर : हात टेकले तुमच्यापुढे. ते काका आत्ता ओरडून सांगत होते, खालच्या हॉटेलात जायचंच नाही म्हणून. सगळ्यांना आज इथेच राहायचंय.

ताई : घरात मावतील तेवढे राहतील. बाकीच्यांनी पुढच्या खेपेला यावं. डोंगर काही पळून जात नाही.

मॅनेजर : आणि ऑफिसला स्टेजचं काय सांगू?

ताई : सांगा, फळ्या चांगल्या आहेत. गाद्यांखाली घातल्या.

मॅनेजर : बरं बाई, सांगतो. पुढच्या वेळी स्टेज नाही, स्पीकर नाही, तुम्ही म्हणाल तेवढीच माणसं आणीन. दर महिन्याला. शब्द देतो.

ताई : शब्द नंतर द्या. आधी बूट काढा.

मॅनेजर : मला नाचता येत नाही हो!

ताई : त्या काकांना उभं राहता येत नाही! चला, पळा आत!

धाकटा : ताई, झालं ना गं! अगं, माझी खोली आजच भरली!

ताई : भरली रे भरली! मग रडतोस काय, वेड्या?

धाकटा : रडत नाहीये. आईला थांबायला सांग ना, दमली असेल. आणि ती ओरडतेय काय एवढं?

ताई : थांबेल कशी? ही बघ, मी पण शिरले फेरात. तरी म्हणतेय, एकजण अजून बाहेर आहे.

धाकटा : कोण? साहेबसुद्धा गेले आत.

ताई : बघ की नीट.

धाकटा : ...आलो म्हणावं तिला.